चांद्याचा परकोट आणि त्याच्या आंतलें शहर

टोकियो शहरांत रोप्पोंगी नांवाचा एक भाग आहे. तेथें २००३ सालच्या एप्रिल महिन्यांत एक प्रचंड वास्तुसमूह लोकांसाठीं खुला झाला. मधोमध ५४ मजल्यांचा, २३८ मीटर उंचीचा मनोरा. त्याच्या आसपास कचेऱ्या, राहतीं घरें, दुकानें, उपाहारगृहें, चित्रपटगृह. मनोऱ्याच्या वरच्या भागांत कलासंग्रहालय. आणि या साऱ्यांच्या कुशींत एक बाग व तळें. त्याच देशाच्या दक्षिणेस फुकुओका नांवाचें बंदर आहे. तेथील हाकाता भागांत, पूर्वीं जेथें सूतगिरणी होती त्या जागेवर, १९९६ सालीं असाच एक समूह उभा राहिला. त्याच्या इमारतींमधून सुमारें १८० मीटर लांबीचा कृत्रिम कालवा वाहतो व त्या कालव्यावरूनच त्याचें नांव पडलें आहे. हीं स्थळें पाहून परतलेला प्रवासी बहुधा एकाच गोष्टीचें कौतुक करतो. मनुष्याला दिवसाकांठीं जें जें लागतें, तें तें सारें एकाच आवारांत, पायीं फिरण्याच्या अंतरावर, कोणी तरी विचारपूर्वक आणून ठेवलें आहे! आणि ही कल्पना अगदीं आजची, यंत्रयुगाची व धनाढ्य देशांची, असें त्यास वाटतें.

कल्पना मात्र आजची नाहीं. निवास, व्यापार, देवस्थान, राज्यकारभार, जलाशय आणि करमणूक हीं सर्व एका सीमेच्या आंत बसविण्याचा प्रयत्न महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडच्या अरण्यप्रदेशांत कित्येक शतकांपूर्वीं झाला होता. त्या प्रयत्नाचें नांव चांदा. १९६४ सालापासून या शहरास चंद्रपूर म्हणतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. तोंपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यांत होता. येथें राज्य गोंड राजांचें होतें, आणि त्यांनीं आपल्या राजधानीस जो दगडी परकोट घातला तो आजहि बऱ्याच अंशीं उभा आहे. त्याचा घेर सुमारें ११ किलोमीटर सांगतात.

या शहराचा जन्म पाण्यापासून झाला, असें परंपरा सांगते. गोंड राजांची राजधानी आधीं शिरपूरला होती, मागाहून ती वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपूरला आली. खांडक्या बल्लाळशाह या राजाच्या अंगभर गांठी व फोड उठले होते आणि कोणत्याहि औषधानें त्यास आराम पडत नव्हता. एके दिवशीं तो शिकारीस निघाला असतां तहानेनें व्याकुळ झाला. झरपट नदीचें पात्र कोरडें होतें. एका खळग्यांत मात्र थोडें पाणी सांपडलें. राजा तें प्याला, त्यानें हातपाय धुतले, आणि त्या रात्रीं त्यास कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोंप लागली. सकाळीं राणी पाहते तों जेथें जेथें पाणी लागलें तेथील फोड नाहींसे झालेले! खळगा साफ केल्यावर खडकांत गाईच्या पावलांचे पांच ठसे दिसले व त्यांतील पाणी उपसूनहि आटेना. त्याच रात्रीं अचलेश्वरानें राजाच्या स्वप्नांत येऊन दर्शन दिलें, आणि त्या ठिकाणीं देऊळ उभें राहिलें.

कथेचा दुसरा भाग नगररचनेचा आहे. देवळाचें काम पाहून परततांना राजाच्या कुत्र्यापुढें एक ससा निघाला. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. नवल असें कीं, ससा पुढें पळावयाच्या ऐवजीं उलटून कुत्र्याच्याच मागें लागला. कधीं सरळ, कधीं वळणें घेत त्यांनीं एक मोठें वर्तुळ काढलें आणि शेवटीं कुत्र्यानें सशास मारिलें. राजानें ही हकीकत राणीस सांगितली. ती म्हणाली, हा शुभशकुन आहे. सशाच्या पावलांच्या रेषेवर तट बांधावा व आंत नगर वसवावें. मात्र जेथें ससा वळला आणि जेथें पडला, त्या ठिकाणीं बुरूज अधिक बळकट करावेत, कारण शहरास धोका तेथूनच आहे. राजानें तें मानलें. तेल ठाकूर नांवाच्या जाणत्या कारागिरांकडे पाये घालण्याचें काम सोंपविण्यांत आलें.

कथेंतील सशावर विश्वास ठेवावा कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या भाविकतेचा प्रश्न आहे. परंतु या कथेनें दोन गोष्टी अचूक सांगितल्या आहेत. पहिली ही कीं जागा पाण्यासाठीं निवडली. पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट, आणि दक्षिणेस दोहोंचा संगम, अशा बेचक्यांत हें शहर वसलें आहे. दुसरी ही कीं तटाची रेषा जमिनीच्या चढउताराकडे व कमकुवत जागांकडे पाहून आंखली होती. परंपरेनें नगराची स्थापना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाली असें मानतात. काम मात्र एका पिढींत पुरें झालें नाहीं. खांडक्यानंतर हीरशाहानें दरवाजे व राजवाडा उभारला, आणि तट पूर्ण झाल्याचा सोहळा पुढें कित्येक पिढ्यांनीं, धुंड्या रामशाहाच्या कारकीर्दींत झाला. रोप्पोंगीच्या कामास पहिल्या आंखणीपासून सतरा वर्षें लागलीं, याचें लोकांना आश्चर्य वाटतें. चांद्याच्या गवंड्यांना तें वाटलें नसतें.

आज हा परकोट पाहण्यास येणाऱ्यानें उत्तरेच्या जटपुरा दरवाज्यानें आंत शिरावें. चारी दिशांना चार दरवाजे आहेत: उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. यांशिवाय बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर अशा पांच खिडक्या, म्हणजे लहान दिंड्या आहेत. हीं नांवेंच शहराच्या व्यवहाराची यादी देतात. कोठून देवदर्शनास जावयाचें, कोठून प्रेत न्यावयाचें, आणि गाजावाजा न करितां आंतबाहेर कोठून व्हावयाचें, हें सारें ठरलेलें होतें. दरवाज्यांवर दगडांत कोरलेलें राजचिन्ह आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. घडीव दगडांची ही भिंत पंधरा ते वीस फूट उंच आहे, आणि माथ्यावरून घोडेस्वारांनीं फेरी घालावी इतकी ती जागोजाग रुंद आहे.

जटपुऱ्याच्या कमानींतून आंत आलेला पाहुणा तेथेंच थबकतो, तो मात्र शिल्प पाहण्यासाठीं नव्हे. हत्ती, घोडे व बैलगाड्या यांच्या मापानें बांधलेल्या त्या कमानींतून आज मोटारी, रिक्षा, सायकली आणि पायीं चालणारे एकाच वेळीं जाऊं पाहतात. दरवाज्यापाशीं होणारी कोंडी ही शहरांतील नित्याची तक्रार आहे, आणि तिच्यावर काय उपाय करावा हा वादहि तितकाच नित्याचा आहे. या वादाकडे पुढें वळावें लागेल. तूर्त पाहुण्यानें गर्दीबरोबर सरकत आंत यावें.

आंत आल्यावर राजरस्ता दक्षिणेकडे जातो. दुतर्फा दुकानें, पुढें गांधी चौक, जवळच गोल बाजार. चांद्याचा बाजार हा अरण्याचा बाजार होता. रेशीमकांठी वस्त्रें, सोन्याचांदीचे दागिने, कलाकुसरीचे जोडे व बांबूचें काम यांसाठीं या शहराची ख्याति होती, आणि जुन्या इंग्रजी गॅझेटियरांतून तिची नोंद झालेली आहे. आरमोरीच्या बाजूस कोसा निघे व अजूनहि निघतो. त्याच बाजूस वैरागड आहे, तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘आइने अकबरी’ या ग्रंथांत आला आहे. त्याच ग्रंथांत चांद्याच्या बाबाजी बल्लाळशाहाजवळ १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचें नमूद आहे. ज्या राज्यास इतकी फौज पोसावयाची, त्याच्या राजधानीस धान्य, कापड, लोखंड व मीठ यांची पेठ तटाच्या आंतच हवी होती.

याच भागांत गोंड राजांचा वाडा होता. आज तेथें जिल्ह्याचा तुरुंग आहे. राजगृहाचें कारागृह होणें हा दैवदुर्विलास खराच. परंतु या भिंतींच्या आंत त्याहून मोठी एक घटना घडली. १८५८ सालीं बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके या तरुण गोंड जमीनदारानें इंग्रजी सत्तेविरुद्ध अरण्यांतील लोकांची फौज उभी केली. तो पकडला गेला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं याच तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें. ज्या वाड्यांतून त्याच्या पूर्वजांच्या राजांनीं राज्य केलें, त्याच वाड्याच्या आवारांत त्याचा शेवट झाला. दरवर्षीं त्या दिवशीं आदिवासी बांधव मोठ्या संख्येनें येथें येऊन त्याचें स्मरण करितात.

शहराच्या ईशान्य बाजूस रामाळा तलाव आहे. हा केवळ शोभेचा तलाव नव्हता. त्याचें पाणी मातीच्या नळांवाटे शहरांत खेळविलेलें होतें, आणि नळांतील दाब राखण्यासाठीं मध्यें मध्यें उंच बुरुजासारखीं बांधकामें केलीं होतीं; त्यांना हत्तिणी म्हणत. इरई व झरपट या दोन नद्या उशापायथ्याशीं असतांना तलाव व नळ यांचा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. नद्या तटाच्या बाहेर आहेत. वेढा पडला म्हणजे बाहेरची नदी शत्रूची होते, आंतला तलाव मात्र आपलाच राहतो. याच विचारानें तटाच्या आंत पुष्कळ मोकळी जमीन ठेवलेली होती. एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरकारांना परकोटाच्या आंत सुट्या वाड्या आणि पिकांखालचीं शेतें दिसलीं, याचें त्यांना नवल वाटलें. तें शहर अर्धवट राहिल्याचें चिन्ह नव्हतें. घर, दुकान, देऊळ आणि शेत हीं सारीं एकाच कोटांत असावींत, हाच मूळ बेत होता.

शेती आणि पाणी यांचा संबंध गोंड राजांनीं तटाबाहेरहि जोडला. जो कोणी अरण्य तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती जमीन सवलतीनें मिळे. जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजणारी जमीन मिळे. अशा देणगीच्या जमिनीस तुकूम म्हणत. चंद्रपूर, गडचिरोली व त्यांच्या शेजारच्या मुलखांत गांवोगांवीं जे तलाव आढळतात, त्यांच्यामागें हें धोरण आहे. तटाच्या उत्तरेस चंद्रपूरची एक मोठी वस्ती आजहि तुकूम याच नांवाची आहे. तेथें राहणाऱ्या कित्येकांस आपल्या पत्त्यांत एक जुना जमीनकायदा लपलेला आहे याची कल्पनाहि नसेल.

पूर्वेच्या अंचलेश्वर दरवाज्यापाशीं अचलेश्वराचें देऊळ आणि गोंड राजांच्या समाधि आहेत. त्यांत वीरशाहाची समाधि सर्वांत भव्य आहे. वीरशाहाचा खून झाल्यावर त्याची राणी हिराई हिनें ती बांधविली. तिला पुत्र नव्हता. नात्यांतला रामशाह तिनें दत्तक घेतला आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं राज्याचा कारभार स्वतः चालविला. जवळच असलेलें महाकालीचें मंदिरहि तिचेंच मानतात. चैत्रांत तेथें यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून व तेलंगणांतून हजारों भाविक झरपटेच्या पात्रांत उतरतात, आणि कांहीं दिवस शहराची भाषा अर्धी मराठी, अर्धी तेलुगु होऊन जाते.

दक्षिणेकडे लालपेठेंत, उघड्या आकाशाखालीं, प्रचंड शिल्पें पडलेलीं आहेत. एकाच दगडांत कोरलेली दशमुखी दुर्गा, तिची लांबी सुमारें पंचवीस फूट; शेजारीं इतर देवता. रायप्पा नांवाच्या एका श्रीमंत वैश्यानें मोठें शिवालय बांधण्याचा संकल्प केला, मूर्ति घडविल्या, आणि देऊळ उभें राहण्यापूर्वींच तो वारला, असें सांगतात. शहरांतल्या राजांचीं कामें पुरीं झालीं, कारण एकाच्या मागें दुसरा तीं हातीं घेई. रायप्पाच्या मागें त्याचा संकल्प उचलणारें कोणी नव्हतें.

राज्ये गेलीं तसा तट मात्र गेला नाहीं. १७५१ च्या सुमारास नीलकंठशाह या शेवटच्या राजाकडून चांदा नागपूरकर रघूजी भोसल्यांकडे गेलें. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेनें तोफा लावून तटास भगदाड पाडलें आणि किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. १८५३ नंतर नागपूरचें राज्यच खालसा झालें. यानंतर शत्रूसाठीं तटाचा उपयोग उरला नाहीं. दुसरा एक उपयोग तो करीतच राहिला, आणि त्याकडे फारच थोड्यांचें लक्ष गेलें. पावसाळ्यांत वर्धा नदी फुगली म्हणजे इरईचें पाणी पुढें सरत नाहीं; तें मागें तुंबतें आणि पठाणपुरा व बिनबा या दरवाज्यांच्या बाजूनें शहराकडे चढतें. अशा वेळीं शत्रूस अडविणारी भिंत पुरास अडविते. २०२२ च्या जुलै महिन्यांत इरईला मोठा पूर आला. तटाबाहेरच्या सखल भागांतील घरांत पाणी शिरलें आणि कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. जुन्यांनीं ज्या जमिनीस तटाच्या बाहेर ठेविलें होतें, तेथेंच नव्या वस्त्या झालेल्या होत्या.

वस्त्या होणें अपरिहार्य होतें. १८६७ सालीं येथें नगरपालिका झाली, तेव्हां सारें चांदा तटाच्या आंत आरामांत मावत असे. मागाहून आगगाडी आली, कोळशाच्या खाणी निघाल्या, आणि १९८० नंतरच्या दशकांत विजेचें मोठें केंद्र सुरू झालें. त्याची आजची शक्ति २,९२० मेगावॅट आहे. २०११ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि त्या वर्षींच्या गणनेंत लोकसंख्या तीन लाखांहून अधिक भरली. जटपुऱ्याबाहेर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपूरनंतरचा दुसरा दीक्षासमारंभ केला. त्या दीक्षाभूमीवर आज महाविद्यालय आहे. शहराचा इतिहास आतां तटाबाहेरहि घडूं लागला होता.

आंतल्या भिंतीकडे मात्र दुर्लक्ष झालें. माथ्यावर झाडें माजलीं, मुळांनीं दगड सरकले, बुरुजांवर केरकचरा सांचला. २०१७ च्या मार्च महिन्यांत ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेनें बंडू धोत्रे यांच्या पुढाकारानें तट साफ करण्यास आरंभ केला. रोज पहाटे तरुण मंडळी कुदळीफावडीं घेऊन जात आणि झुडपें तोडीत. काम शेंकडों दिवस चाललें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या ‘मन की बात’ या भाषणांत त्याचा गौरवानें उल्लेख केला. तट मोकळा झाल्यावर त्यावरून लोकांना फिरवून शहर दाखविण्याचा उपक्रमहि सुरू झाला, आणि जन्मभर चांद्यांत राहिलेल्या कित्येकांनीं आपलें गांव पहिल्यानेंच उंचावरून पाहिलें.

येथवर ही गोष्ट सुखाची आहे. अवघड भाग यापुढें आहे. परकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. प्राचीन स्मारकांसंबंधींच्या १९५८ च्या कायद्यास २०१० सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करितां येत नाहीं, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत तें परवानगीवांचून करितां येत नाहीं. एकट्यादुकट्या देवळाच्या बाबतींत हा नियम सोयीचा आहे. देवळाभोंवतीं थोडें रान मोकळें राहतें, एवढेंच. परंतु येथें वास्तु म्हणजे ११ किलोमीटर लांबीची रेषा आहे. तिच्या दोन्ही बाजूंस १०० मीटर धरल्यास सुमारें २२० हेक्टर जमीन या बंधनाखालीं येते. म्हणजे रोप्पोंगीसारखे एकोणीस समूह तींत मावतील. त्या पट्ट्यांत ज्यांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना वाढत्या कुटुंबासाठीं वर एक खोली चढवावयाची झाली तरी कायदा आड येतो. अशा माणसास तट हें वैभव न वाटतां संकट वाटूं लागलें, तर त्यास दोष देतां येणार नाहीं.

उलट कायदा सैल करावा, तर दुसरें भय उभें राहतें. हिंदुस्थानांत तटबंदी असलेलीं शहरें थोडीं नव्हतीं. कित्येक ठिकाणीं रस्त्यासाठीं एक दरवाजा पाडला, मग रहदारीसाठीं शेजारची भिंत पाडली, मग पडलेल्या भिंतीचे दगड घरोघरच्या पायांत गेले, आणि शेवटीं ‘दरवाजा’ हें केवळ एका मोटारथांब्याचें नांव उरलें. मुंबईचा कोट १८६० नंतर असाच नाहींसा झाला. आतां ‘फोर्ट’ हें नुसतें नांव आहे. जटपुऱ्याची कोंडी सोडविण्यासाठीं कमानीच्या बाजूची भिंत फोडावी असें ज्यांस वाटतें, त्यांचा त्रास खरा आहे. परंतु फोडलेली भिंत पुन्हा सांधली जात नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

अशा वेळीं टोकियोचें उदाहरण उपयोगी पडतें, आणि तें मनोऱ्याच्या उंचीसाठीं नव्हे. रोप्पोंगीची जागा एका मालकाची नव्हती. तेथें सुमारें ४०० लहानमोठे जमीनमालक होते. अरुंद गल्ल्यांतून लांकडी घरें होतीं. मोरी नांवाच्या कंपनीनें वर्षानुवर्षें त्यांच्या सभा घेतल्या, नकाशे दाखविले, आक्षेप ऐकले. सतरांपैकीं बहुतेक वर्षें या बोलण्यांतच गेलीं. कित्येक जुने रहिवासी त्याच आवारांतील नव्या घरांत परतले. त्या कामांत कंपनीचा लाभ होता, हें उघड आहे. आणि तेथें जुनी वस्ती पाडून नवी करावयाची होती, चांद्यास जुनें राखावयाचें आहे, हाहि भेद लहान नाहीं. तथापि ज्याच्या उंबऱ्यावर काम व्हावयाचें त्यास आधीं विचारावें, ही रीत पाडणारास जितकी आवश्यक तितकीच राखणारासहि आहे.

चांद्यांत असें विचारणें अशक्य नाहीं. तटालगतच्या घरांची एकदां नीट मोजणी व्हावी. कोणतें घर भिंतीस टेकलें आहे, कोणतें ९० मीटरांवर आहे, हें नकाशावर दिसावें. जेथें भिंतीचा पाया उघडा पडला आहे तेथें कडक नियम, आणि जेथें मध्यें दाट जुनी वस्ती आहे तेथें ठराविक उंचीपर्यंत मोकळीक, असा भेद करितां येईल कीं नाहीं, हें जाणत्यांनीं ठरवावें. जटपुऱ्याची रहदारी कमानींतून न नेतां दुसऱ्या वाटांनीं वळवावी आणि कमान पायीं चालणारांस मोकळी ठेवावी, हाहि विचार करण्याजोगा आहे. इरईकांठची सखल जमीन पुराच्या पाण्यास सोडून द्यावी, हें तर गोंड राजांच्या गवंड्यांनीं दगडांत लिहूनच ठेवलें आहे. रामाळा तलावांत सांडपाणी जाऊं न देणें यास कोणत्याहि कायद्याची अडचण नाहीं. नुसती इच्छा हवी.

जपानांतील नव्या समूहांत पाणी आणावें लागलें, कालवा खणावा लागला, बाग लावावी लागली. चांद्यास हें सारें वारशानें मिळालें आहे: दोन नद्या, तलाव, देवळें, बाजार, आणि या साऱ्यांस कवेंत घेणारी भिंत. तिथें जाणारास पैसा मोजून आंत शिरावें लागत नाहीं. चारी दरवाजे रात्रंदिवस उघडे आहेत. पहाटे पठाणपुऱ्याच्या बाजूनें तटावर चढलेल्या पाहुण्यास एका हातास संगमाचें पाणी दिसतें, आणि दुसऱ्या हातास दाटीवाटीनें बसलेलीं कौलारू व गच्चीचीं घरें दिसतात. त्या घरांतील माणसें तटाच्या बाजूचीं राहिलीं, तर तट राहील. तीं त्याच्या विरुद्ध गेलीं, तर खात्याची पाटी आणि पहाटेचे स्वयंसेवक दोघे मिळूनहि त्यास फार काळ वांचवूं शकणार नाहींत.